स्लॅब टाकण्याआधी...

परवा जामनेरहून भाचीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मावशी, सेंटरिंग लागलं! पुढच्या आठवड्यात स्लॅब. तू आणि काका नक्की या."

मी म्हटलं, "अगं, छानच झालं. पण एक सांग, तुझं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला येतंय?"

ती जरा थांबली. "नकाशा ह्यांनी आणि ठेकेदारानं बसून केला ना. मागच्या बाजूला असेल. म्हणजे... पश्चिमेला."

फोन ठेवला आणि मला माझं २००३ साल आठवलं.

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात दगदग किती होते, पैसा किती जातो, हेच सांगायचं असतं. पण दगदग वर्षभरात संपते, कर्जही कधीतरी फिटतं. घराचा उकाडा आणि विजेचं बिल मात्र पुढची चाळीस वर्षं आपल्यासोबत राहतं. त्याचा हिशेब बांधताना कुणी करत नाही. आम्हीही केला नव्हता.

यावलचं सासरचं धाब्याचं घर सोडून आम्ही भुसावळला प्लॉटवर बांधलं. केवढी हौस! पुढे गच्ची, पोर्चला गोल खांब, हॉलला मोठी काचेची खिडकी. फरशीचा रंग मला विचारला होता, ते खरं. पण ओटा कुठे, खिडकी किती मोठी, भिंत किती जाड, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. ठेकेदारानं मागची भिंत साडेचार इंचांतच उरकली, "जागा वाचते वहिनी," म्हणाला. स्वयंपाकघर पश्चिमेला गेलं आणि त्याला एकच हातभर खिडकी आली.

पहिल्याच मे महिन्यात सासूबाई कळण्याच्या भाकरी थापता थापता ओट्यापाशी खाली बसल्या, त्या उठेचनात. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी उन्हात कुठे गेल्या होत्या?" मी म्हटलं, "कुठेच नाही. घरातच होत्या." ते वाक्य म्हणताना मलाच कसंसं झालं. ऊन लागू नये म्हणून तर माणूस घर बांधतो!

तापतं काय?

नव्या घरात सगळ्यात जास्त ऊन खातो तो स्लॅब. भिंतीवर ऊन येतं आणि जातं, छपरावर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतं. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा थर दिवसभर ती उष्णता पोटात साठवतो आणि संध्याकाळनंतर खाली खोलीत सोडायला लागतो. म्हणून तर बाहेर रात्री झुळूक सुटलेली असते आणि आत पंखा गरम हवा फेकत असतो. पंखा काही खोली थंड करत नाही, तो फक्त अंगावरचा घाम वाळवतो. वरचा स्लॅब तापलेला असेल तर पंख्यानं तरी काय करावं?

दुसरा गुन्हेगार म्हणजे पश्चिमेची भिंत. दक्षिणेकडचं ऊन वरून येतं, त्याला साधा छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन तिरपं, थेट खिडकीतून आत शिरणारं. आणि ते येतं चार-पाच वाजता, जेव्हा हवा आधीच तापलेली असते आणि चहापाठोपाठ रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी सुरू होते.

यावलच्या धाब्याच्या घरात हे नव्हतं. दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकडाच्या माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारी आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण जीव गार व्हायचा. सोलापूर-मराठवाड्याकडची माळवदं तशीच. कोकणात पाऊस आणि दमट हवा, म्हणून तिथे उतरती कौलं, चिऱ्याच्या भिंती आणि वारा खेळायला पडवी. आमच्या भुसावळचे जुने रेल्वे बंगले बघा, उंच छत, वर झरोके, चारी बाजूंनी व्हरांडा. त्या त्या हवेचा विचार करून बांधलेली घरं ती.

पण म्हणून "जुनं ते सोनं" म्हणत मी गळा काढणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बरीचशी दगड-मातीच्या याच जाड भिंती आणि जड माळवदांखाली. शिवाय दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची, गळतीखाली पातेली ठेवायची, भिंती सारवायच्या, हे सगळं बाईच्याच वाट्याला. सिमेंटचं घर आलं तेव्हा सासूबाईच सगळ्यांत खूश होत्या. तेव्हा परत मातीत जा, असं मी कुणाला सांगत नाही. जुन्या घराचं शहाणपण नव्या घरात का आणलं नाही, एवढाच माझा सवाल आहे.

बिल कसं फुगतं

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. आपला जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. उन्हाळ्यात तो १६ तास फिरला तर दिवसाला सव्वा युनिटाच्या जवळ, म्हणजे महिन्याला ३६. घरात असे चार पंखे असले तर १४४ युनिट नुसत्या पंख्यांचे! फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटार अजून धरलीच नाही.

हे १०० चं कुंपण महत्त्वाचं. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत असतं, पहिल्या १०० युनिटना एक दर आणि १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटना जवळजवळ दुप्पट. त्यापुढे आणखी चढा. म्हणजे हिवाळ्यातलं युनिट आणि मे महिन्यातलं युनिट एका भावाचं नसतं. उकाडा आपल्याला नेमका महाग टप्प्यात नेऊन बसवतो.

त्यात एसी आला की बघायलाच नको. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. रात्री सहा तास लावला तरी महिन्याला १८० ते २७० युनिट. आमच्याकडे २०१९ मध्ये एसी आला. तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणं म्हणजे खालून जाळ लावून ठेवलेल्या पातेल्यात बर्फ टाकत बसण्यासारखं आहे, हे आम्हाला बिल आल्यावर कळलं. घरातली गरमी तो बाहेर फेकतो ती वेगळीच. बोळ अरुंद असेल तर ती शेजारणीच्या खिडकीत जाते.

आणि मैत्रिणींनो, एसी लागतो कुठे? बेडरूमला, फार तर हॉलला. भाकरी करणारी ओट्यापाशीच असते. घराच्या उकाड्याचा सगळ्यात मोठा वाटा आपल्याला आणि त्यावरच्या औषधातला सगळ्यात छोटा वाटाही आपल्यालाच!

माझ्या गच्चीवरून दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे कोळसा जळतो तेव्हा आपल्या घरात पंखा फिरतो. घर मुळातच तापणारं बांधायचं, ते गार करायला कोळसा जाळायचा, त्यानं हवा आणखी तापवायची... हे चक्र आपण आपल्याच पैशानं फिरवतोय.

कायदा काय म्हणतो?

सरकारला हे कळत नाही असं नाही. २०१८ मध्ये केंद्रानं 'इको निवास संहिता' आणली. घराच्या भिंतींतून, छपरातून किती उष्णता आत यावी, उघडणाऱ्या खिडक्या किती असाव्यात, याचे नियम त्यात आहेत. हवामानाप्रमाणे जमिनीच्या क्षेत्राच्या बाराव्या हिश्शापासून सहाव्या हिश्शापर्यंत खिडकी उघडणारी हवी, असं ती म्हणते. पण ती आहे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी. आपले प्लॉट दीड-दोन हजार चौरस फुटांचे, म्हणजे २०० मीटरच्याही आतले. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा सुधारला आणि निवासी इमारतीही त्यात आणल्या, पण १०० किलोवॅट जोडभार असलेल्या. आपल्या मीटरवर जेमतेम दोन-तीन किलोवॅट असतो. थोडक्यात, शहरातल्या टॉवरला नियम आहे. तालुक्याच्या गावातलं घर मात्र मालक आणि ठेकेदार यांच्या मर्जीवर.

आणि ठेकेदाराला काय पडलंय? त्याचं काम चावी दिली की संपतं. भिंत पातळ केली तर पैसा त्याचा वाचतो, बिल आपण भरतो. भाड्याच्या घरात तीच गत. वरच्या मजल्याचं भाडं थोडं कमी असतं, पण तो फरक भाडेकरूण उन्हाळ्यात वीजबिलात भरते. मालकाला स्लॅबवर खर्च करायचं कारणच उरत नाही.

पंतप्रधान आवास योजनेनं एक चांगली गोष्ट केली. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं, असा नियम ठेवला. पण नावावर घर आलं म्हणून नकाशावर मत आलं का? २५ चौरस मीटरच्या घरकुलात एक खिडकी चुकीच्या भिंतीत पडली, तर जायला दुसरी खोलीही नसते.

२०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. छपरावर सौर पॅनेल बसवा, पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. योजना चांगली आहे. आमच्याकडे ऊन काय कमी आहे? पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, हा आणखी फायदा. पण एक किलोवॅट दिवसाला सुमारे चारच युनिट देतं. घर तापट असेल तर ती सगळी वीज एसीच गिळणार. शिवाय ज्यांचं छप्पर स्वतःचं नाही, त्या भाडेकरणींना यातलं काय मिळणार? म्हणून मी म्हणते, आधी घर गार करा, मग पॅनेल लावा. कमी पॅनेलमध्ये भागेल.

मग करायचं काय?

बांधून झालं असेल तर सुरुवात गच्चीपासून करा. उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरू शकतं. ही घरगुती समजूत नाही. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं अशी रंगवली गेली, तेलंगणानं तर २०२३ मध्ये 'गार छपरां'चं धोरणच केलं. पत्र्याच्या घरालाही हा रंग चालतो, पत्रा तर दुपारी आणखी तापतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून तट्ट्या किंवा बांबूची चिक लावा. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा काय अडवणार? आमच्याकडच्या कोरड्या हवेत दुपारी खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या. कोकणातल्या मैत्रिणींनी मात्र वारा कोंडू नये. पंखा बदलायची वेळ आली तर तारे बघून घ्या. २०२३ पासून छताच्या पंख्यावरही ते सक्तीचे आहेत. नवे काही पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात, म्हणजे मघाचे ३६ युनिट १५ वर येतात.

आणि घर अजून बांधायचं असेल तर नकाशा मागून घ्या. तो आपल्याला कळत नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. रोज दहा तास ज्या जागेत उभं राहायचं ती जागा आपल्याला नाही कळणार तर कुणाला? पश्चिमेची भिंत नऊ इंची करा आणि त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली टाका. वास्तुशास्त्रवाले नैऋत्येला मोठी बेडरूम सांगतात आणि तोच कोपरा संध्याकाळी भट्टी होतो. पण नैऋत्य जड असावी, असंही तेच सांगतात. मग तिथे जाड भिंत आणि तिला लागून कपाटं घ्या, दोघांचंही समाधान होईल. खोलीला समोरासमोर खिडक्या हव्यात, एकाच खिडकीनं वारा वाहत नाही. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे लावले तर गळतीही थांबते आणि तापही कमी होतो. केरळात लॉरी बेकर यांनी विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती बांधल्या. त्यात विटा सुमारे पाव हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता अडते. चांगलं घर महागच असतं असं नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

मी भाचीला परत फोन लावला. "जावईबापूंना दे जरा," म्हटलं. ते आधी हसले, "मावशी, आता कॉलम उभे राहिले." खरंच होतं, ओटा काही हलणार नव्हता. पण भिंती अजून व्हायच्या होत्या. बोलता बोलता तीन गोष्टी ठरल्या. मागची भिंत नऊ इंची, स्वयंपाकघराला उत्तरेला दुसरी खिडकी आणि गच्चीवर कोबा. पोर्चचे गोल खांब कमी केले की खर्चाचं जमतंय, असं तेच म्हणाले!

काल भाचीचा मेसेज आला. गवंड्यानं तिलाच विचारलंय, "ताई, खिडकी इथे घेऊ का अजून जरा वर?"

माझ्या घरात तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सासूबाई आता नाहीत. पण त्या हातभर खिडकीपाशी उभी राहिले की अजूनही वाटतं, त्या वेळी निदान तोंड उघडून बोलले असते तर!