गाडी चमकवा, डोळे दिपवू नका

परवा क्लासवरून स्कूटीने घरी येत होते. समोरून आलेल्या बाइकला हँडलखाली दोन पांढरेशुभ्र एलईडी. तीन-चार सेकंद मला काहीच दिसेना. खड्डा कळला तो चाक त्यात गेल्यावर. पडले नाही, हे नशीब. बाइकवाला आपल्याच वयाचा होता, त्याला पत्ताही नसेल.

हौस कोणाला नसते? घरच्यांच्या मागे लागून गाडी मिळाली की पहिली चक्कर अॅक्सेसरीजच्या दुकानात. चाकांत निळी पट्टी, मागे फ्लॅशर, पुढे जादा लाइट. दुकानदार म्हणतो, "सगळेच लावतात, काही होत नाही." पण पावती फाटते गाडीमालकाच्या नावाने. आणि मालक बहुतेकदा आई किंवा बाबा असतात!

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या पुढे लाल दिवा चालत नाही. मागे इंडिकेटर, रिव्हर्स आणि नंबरप्लेटचे दिवे सोडले, तर लालच हवा. हेडलाइटचा झोत खाली झुकलेला हवा, आठ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत.

हे उगाच नाही. रस्त्यावर प्रकाश ही भाषा असते. पांढरा म्हणजे गाडी येतेय, लाल म्हणजे पुढे चाललीय, पिवळा म्हणजे वळतेय. लाल-निळं लुकलुकलं की आपण अॅम्ब्युलन्स समजून बाजूला होतो. सगळेच लुकलुकायला लागले, तर खऱ्या अॅम्ब्युलन्सला वाट कोण देणार?

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. मग आपण कोण लागून गेलो?

मान्य, हा माल दुकानात उघड विकला जातो आणि कारवाई होते ती रस्त्यावर. विक्रीलाही चाप लागायलाच हवा. पण तोपर्यंत थांबायची गरज नाही. आज रात्री मित्राला आपल्या गाडीवर बसवा, लाइट लावायला सांगा आणि दहा-बारा पावलांवर समोर उभे राहा. डोळे मिटावेसे वाटले, तर तो लाइट उद्याच काढून टाका. समोरून येणारं कोणीतरी सुखरूप घरी पोचेल.