पॅड मिळालं, कडीचं काय?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या ऑफिसात एक मेल येतो. विषय ठरलेला: महिला दिनानिमित्त सामाजिक उपक्रम. वर्गणी गोळा होते, सॅनिटरी पॅडची खोकी येतात, मिहानहून एक बस निघते आणि कुठल्यातरी शाळेत जाऊन आम्ही पॅड वाटतो. मुली ओळीने उभ्या, हातात पाकीट, फोटो, समोसे, परत. यंदा मी वर्गणी दिली नाही. का नाही, असं चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून हा शनिवार त्यात घालवतेय. (चिडून लिहितेय, आधीच सांगते.)

साधा हिशोब करा. एका मुलीला महिन्याला दहा-बारा पॅड लागतात. आम्ही देतो आठ पॅडचं एक पाकीट. म्हणजे मार्चसुद्धा धड निघत नाही, एप्रिलमध्ये परत कापड. वर्षातून चार दिवस चालणारा सर्व्हर क्लायंटच्या गळ्यात मारून बघा, काय होतं ते!

पैशाचा प्रश्न खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. मी सक्करदऱ्यात राहते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरी त्या आणि दोन मुली, थोरली नववीत. साधं पॅड चार-पाच रुपयांना धरलं तरी तिघींचे महिन्याला दीड-पावणेदोनशे रुपये होतात. "एक पाकीट आणतो बाप्पा पोरींसाठी, मी आपलं कापडच वापरतो," मावशी म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं. कापड वाईट नसतं. धुवून उन्हात वाळवलं तर चांगलं चालतं. पण एका खोलीच्या घरात, गल्लीभर माणसं येता-जाता, ते उन्हात घालायचं कुठे? मग ते ओढणीखाली दमट राहतं.

आता गंमत बघा. ८ मार्च २०१८ ला राज्य सरकारने अस्मिता योजना आणली. ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, बचत गटांमार्फत. छान. पण कुठल्या मुलींना? जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या. त्याआधी २०११ ची केंद्राची योजना होती, आशा ताईंकडून सहा रुपयांत सहा पॅड. तीही ग्रामीण मुलींसाठी. म्हणजे मावशींची मुलगी उमरेड रोडने पुढे एखाद्या खेड्यात राहत असती तर कागदावर तरी पात्र ठरली असती. ती महानगरपालिकेच्या हद्दीत राहते, म्हणून सरकारी भाषेत ती शहरी. शहरी म्हणजे आपण नं, मॉलवाले!

करमाफीचंही तसंच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, बांगड्यांवर शून्य टक्के आणि पॅडवर १२ टक्के. ओरड झाली, २१ जुलै २०१८ ला तो शून्य केला. आपण टाळ्या वाजवल्या. पण करमाफ वस्तूच्या कच्च्या मालावर भरलेला कर कंपनीला परत मिळत नाही, तो किमतीत मुरतो. त्यामुळे १२ टक्के गेले म्हणजे पाकीट १२ टक्क्यांनी स्वस्त झालं असं होत नाही. त्यापेक्षा जनऔषधी केंद्रातलं 'सुविधा' पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला झालं, ते जास्त कामाचं. मावशींना ते माहीतच नव्हतं.

पण माझं खरं भांडण पुढे आहे. समजा, पॅड मिळालं. बदलायचं कुठे?

२०११ साली एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन यांचा नेपाळमधल्या चितवनचा अभ्यास छापून आला. काही शाळकरी मुलींना लॉटरीने मेन्स्ट्रुअल कप दिले. मुलींनी ते वापरले, कापडं धुण्याची कटकट कमी झाली, पण शाळेच्या हजेरीत फरक पडला नाही. मुळात पाळीमुळे बुडणारे दिवसच थोडे निघाले. आमच्या उपक्रमाच्या स्लाइडवर दरवर्षी शाळा सोडणाऱ्या मुलींची एक मोठ्ठी टक्केवारी असते, ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. हा अभ्यास मात्र त्या स्लाइडवर कधी दिसला नाही.

मग प्रश्नच नाही का? आहे. आपण चुकीचं मोजतोय. हजेरीपटावर मावशींची पोरगी हजर असते. त्या चार दिवसांत ती सकाळपासून पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर जावं लागेल. शेवटच्या बाकावर बसते, उत्तर येत असून उभी राहत नाही. एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शाळेच्या संडासाला कडी नाही, मैत्रिणीने बाहेरून दार धरायचं. नळाला दुपारनंतर पाणी नाही. डबा नाही, म्हणून वापरलेलं पॅड दप्तरात घरी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह लिहिलेलं आहे. ते आहेही! वेगळं आहे, बांधलेलं आहे, उद्घाटनाची पाटीसुद्धा आहे.

बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. मेंटेनन्सचं बजेट कापलेला प्रोजेक्ट कसा मरतो, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी सांगायला नको. समग्र शिक्षा अभियानात १०१ ते २५० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला ५० हजारांचं एकत्रित अनुदान ठरलं. त्यात खडू, वीजबिल, दुरुस्ती सगळं आलं. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे वर्षाला पाच हजार, महिन्याला चारशे सोळा रुपये. एवढ्यात दोनशे पोरांचे संडास धुवून दाखवा.

आणि लाज? ती फक्त गरिबांच्या शाळेत असते असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका खासगी शाळेत टॉयलेटमध्ये रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींचे कपडे काढायला लावून पाळी कोणाला आलीय ते तपासलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. आपण नागपूरकर गडचिरोलीतल्या कुर्मा घरांच्या बातम्या वाचून चुकचुकतो... असो.

३० जानेवारी २०२६ ला सुप्रीम कोर्टाने जया ठाकूर यांच्या याचिकेवर निकाल दिला. मासिक पाळीतलं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. शाळा सरकारी असो वा खासगी, शहरातली असो वा खेड्यातली, मुलींना मोफत पॅड आणि पाण्यासह चालू स्थितीतलं वेगळं स्वच्छतागृह द्यायला सांगितलं. शहरी-ग्रामीण ही भिंत निदान कागदावर पडली. 'चालू स्थितीतलं' हा शब्द मात्र कोणीतरी रोज झाडू घेऊन खरा करावा लागतो.

म्हणून मी यंदा ऑफिसात असं सुचवलं, की खोकी नकोत. जवळची एकच शाळा धरू. एका सफाईवाल्या बाईंचे वर्षभराचे अर्धवेळ पैसे, दोन कड्या, झाकणाचे डबे, टाकीचा पाइप, आणि जनऔषधीतून दरमहा भरायचं एक कपाट, ज्यातून मुलीने कोणाला न विचारता घ्यायचं. वर्गणी तेवढीच लागते, फक्त मार्चऐवजी बारा महिने. उत्तर आलं की यात "एम्प्लॉयी एंगेजमेंट" दिसत नाही.

तर ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांनी सरळ मला मेल करा. आतापर्यंत आम्ही सहा जण आहोत. सोमवारी सकाळी मुख्याध्यापिका बाईंना भेटायचं ठरलंय, आणि आधी कड्या बसवायच्या आहेत. सुतार मिळालाय, प्लंबर हवाय.