शिवाशिवी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे एकत्र कुटुंबात एक प्रश्न दरवर्षी निघतो: मुलांना दिवसभर गुंतवावयाचे कशात? कोणी पाठांतराचा वर्ग सुचवितो, कोणी पोहण्याचा, कोणी गणिताचा. मुले कोठे व कोणाबरोबर खेळणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलेच, तर त्यात काळजीपेक्षा शंका अधिक असते. या प्रश्नाचा विचार आमच्या वैजापूरच्या आठवणींच्या आधारे करावा, असे या महिन्यात योजिले आहे.

वैजापूर हे सीमेवरचे गाव. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि पलीकडचे येवले व कोपरगाव इंग्रजी मुलखात. आमच्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झालेले. त्यामुळे नित्यनेमाने संध्या करणारे हे गृहस्थ घरखर्चाची टिपणे उर्दू लिपीत करीत. त्याचे नवल घरात कोणासही वाटत नसे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा आम्ही पहिलीत होतो.

उन्हे उतरली की नारंगी नदीच्या कोरड्या पात्रात आमचा खेळ मांडला जाई. वाण्याची, मराठ्यांची, मोमिनांची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, अशी सर्व मुले तेथे येत. रोटेगाव स्थानकावर बदलून आलेल्या एका तेलुगू कर्मचाऱ्याची दोन मुलेही काही काळ येत असत. आम्ही ‘हुतुतू’ म्हणत चढाई करीत असू. मुसलमान मुले ‘कबड्डी’ म्हणत. आणि ती दोन मुले ‘चेडुगुडु’ म्हणत. यावरून प्रारंभी तंटे झाले. अखेर ठरले ते असे, की शब्द ज्याचा त्याने म्हणावा, दम मात्र एक असावा. हा ‘दम’ शब्द फारसीतला, हे पुढे वडिलांनी सांगितले. कुस्ती, पैलवान, वस्ताद, लेझीम हे शब्दही तिकडूनच आले, आणि तालीम अरबीतून. आपण ज्यास अस्सल मराठी मर्दानी खेळ म्हणतो, त्याची भाषाच अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आलेली आहे.

खेळाबरोबर घरे ओळखीची झाली. संक्रांतीस येवल्याप्रमाणे आमच्या गावीही पतंगांचे वेड असे. शेजारचे एक चाचा काचेची पूड व सरस यांचे प्रमाण साधून मांजा सुतवून देत, आणि ‘पेच लागला की हाताने ओढू नको, ढील दे’ असे बजावीत. त्यांना तिळगूळ देण्यास आम्ही धावत जात असू. ईदेला त्यांच्या घरून शेवया, साखर, खारीक असा कोरडा शिधा येई व काकू त्याची खीर करीत. शिजविलेले अन्न आमच्याकडे चालणार नाही, हे त्यांनी जाणून घेतले होते आणि त्यातूनही सण साधण्याची वाट काढली होती. या सौजन्यात मोठेपणा त्यांचा होता. आमच्या घराकडे केवळ अट होती.

याच अटीचे दुसरे रूप अधिक कठोर होते. आमच्या गटातील सर्वांत चपळ गडी गावकुसाबाहेरच्या वस्तीतला होता. खेळात आम्ही त्यास कमरेला मिठी मारून पाडीत असू आणि तो आम्हांस. हुतुतूचा सारा कायदा स्पर्शावर उभा आहे: शिवले तर गडी बाद, धरले तर गडी बाद. लहान मुलांच्या पळापळीच्या खेळास तर आपण ‘शिवाशिवी’ असेच म्हणतो. पण खेळ आटोपून मुले पाण्यासाठी आमच्या पडवीशी आली, म्हणजे त्याच शब्दाचा घरातला अर्थ पुढे उभा राही. आम्हांस पेला मिळे. त्याच्या ओंजळीत आजी वरून पाणी ओतीत. तो मान खाली घालून पीत असे. पुढे पुढे तो तहान नाही असे सांगून परस्पर घरी जाऊ लागला.

अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० साली रद्द केली आणि ती पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला. आमच्या पडवीत तो कायदा पोहोचावयास आणखी बारा वर्षे लागली. एके दिवशी काकूंनी पेल्यांची ओळच्या ओळ भरून कट्ट्यावर ठेवली व आजींना शांतपणे म्हणाल्या, ‘सासूबाई, वरून ओतले की निम्मे पाणी पोरांच्या सदऱ्यावर सांडते. उन्हाळ्यात पाणी आणावयाचे कोठून?’ आजी काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून पेला सर्वांस मिळू लागला. काकूंना पाण्याचीच काळजी होती की काय, हे आम्ही त्यांस कधी विचारले नाही.

ही गोष्ट एका गावची नव्हे. चर्मकार समाजात जन्मलेला पळवणकर बाळू हा गोलंदाज हिंदू संघाकडून खेळे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. त्याच्या हातचा चेंडू पुण्याच्या सवर्ण खेळाडूंना चाले. चहा मात्र त्यास मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून मिळे. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास हिंदू संघाचे कप्तानपद १९२३ साली लाभले. मैदानावर मान्य झालेला माणूस पंक्तीत मान्य होण्यास असा विलंब लागतो, आणि तो विलंब संपविणे घरातील माणसांच्याच हाती असते.

येथे आमच्या अक्काचीही आठवण होते. खोखोत तिच्यासारखी पळणारी आमच्या आळीत दुसरी नव्हती. बारावे वर्ष लागताच तिचे मैदान बंद झाले. पुढे मंगळागौरीच्या फुगड्या व झिम्मा एवढाच खेळ तिच्या वाट्यास उरला. आम्हांस नदीच्या पात्रात जे शेजारी मिळाले, ते तिला कधी मिळालेच नाहीत. गावातली अर्धी माणसे तिला केवळ नावाने ठाऊक राहिली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला, तो पुरुषांसाठी. स्त्रियांची कबड्डी तेथे आली २०१० साली, ग्वांगझू येथे. ते सामने अक्काने नातीबरोबर बसून पाहिले. परदेशी पंच ‘लोणा’ म्हणताच ती हसून म्हणाली, ‘अरे, हे तर आपले लोण!’

हल्ली नद्यांची पात्रे पूर्वीसारखी राहिली नाहीत, आणि मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आहे. तरी शाळेचे पटांगण आहे, गल्लीचा चौक आहे. घरातील वडील मंडळींस आमची विनंती एवढीच, की या सुटीत सर्व वर्ग संपल्यावर तास-दीड तास मुलांस, आणि मुलींसही, तेथे मोकळे सोडावे. गडी कोणत्या घरचा याची चौकशी करू नये. आणि खेळ संपल्यावर सर्वांस घरी बोलावून एकाच माठातले पाणी व एकाच ताटातले लाडू द्यावेत.