झाडू उचलला, प्रश्न टाकून दिला

१३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्याची माणसे मोर्णा नदी साफ करायला उतरली. चार किलोमीटरचा पट्टा, दोन्ही काठांवरची चौदा ठिकाणे, सहा हजारांवर नागरिक, शंभराहून अधिक संस्था. त्या महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अकोलेकरांचे कौतुक केले, आणि ते कौतुक त्यांनी कमावलेले होते. सुटीच्या दिवशी घर सोडून गाळात हात घालायला मन लागते.

तरी तिथून उपसलेली जलकुंभी परत आली. ती येणारच होती. ही वनस्पती सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर पोसते. शहराचे नाले नदीत रिकामे होत असतील, तर वरचा थर कितीही उपसा, तो पुन्हा पसरतो. पुढे मोर्णा पूर्णेला मिळते, म्हणजे आपण सोडलेली घाण खालच्या गावांच्या वाट्याला जाते. नाल्याचे पाणी शुद्ध करून सोडणे महापालिकेचे काम आहे आणि ते तिच्याकडून करवून घेणे आपले. जलकुंभी उपसायला हजारो हात आले. नाल्यांचा हिशेब मागायला किती आले?

मार्च २०२२ मध्ये अकोला आणि अमरावती या दोन्ही महापालिकांची मुदत संपली. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पार पडलीच पाहिजे, असे बजावले. इकडे इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे हालचाल झाली, आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, खर्च करणारा तोच. आपण कर भरत राहिलो, पण तो कसा खर्चावा हे ठरवताना आपला एकही माणूस सभागृहात नव्हता.

या गोष्टीने वऱ्हाडातल्या या दोन शहरांची झोप उडाली नाही. मिरवणुका निघाल्या, दहीहंड्या झाल्या, नेत्यांच्या वाढदिवसांचे फलक चौकाचौकांत लागले. मात्र आमचे सभागृह आम्हाला परत द्या, म्हणून शहर एकवटले नाही. पारावर, पानटपरीवर विषय निघाला की उत्तर ठरलेले, ‘जाऊ दे ना भाऊ, आपल्याले काय करा लागते?’ सुशिक्षितांनी तर याहून वाईट केले. नगरसेवक नसलेले बरे, निदान खाणारी तोंडे कमी, असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हक्काचा लिलाव होताना टाळ्या वाजवल्या. नगरसेवक भ्रष्ट असेल तर त्याला घरी पाठवायचा अधिकार आपल्या हातात असतो. प्रशासकाला घरी पाठवायचा अधिकार कोणत्या नागरिकाला आहे?

स्थानिक सत्तेने काय होऊ शकते, हे ज्या मातीने दाखवले त्या मातीत आपण हे बोलतो, याची मला लाज वाटते. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून लढा उभा राहिला. त्या नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा, विलायतेतून शिकून आलेले डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्यात पुढे होते. पुढे ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. जिल्ह्याच्या एका संस्थेची खुर्ची हाती आल्यावर पंजाबरावांनी तिच्यावरून पाण्यावरची बंदी उठवली. तशाच खुर्च्या चार वर्षे रिकाम्या राहिल्या आणि आपण त्यांच्यावाचून सुखाने जगलो.

आणि झाडू म्हटला की गाडगेबाबा आठवतात. शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी रस्ता झाडी. तेवढेच आपण उचलले. बाबांच्या नावाने अभियाने निघतात, एक दिवस झाडू हाती घेऊन फोटो काढले जातात. पण रात्री कीर्तनात बाबा काय करत? ते प्रश्न विचारत. देवापुढे बोकड का कापता, कर्ज काढून जेवणावळी का घालता, लेकरू शाळेत का नाही, हे समोरच्या गावालाच विचारत आणि गावाच्या तोंडून उत्तर वदवून घेत. दिवसाचा झाडू आणि रात्रीचा प्रश्न हे त्यांच्या लेखी एकच काम होते. बाबांची समाधी अमरावतीत आहे, विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला घरात, शाळेत, ग्रामसभेत आपण गप्प बसवतो.

कर्तव्ये शिकवायची तर पूर्ण शिकवा. मूळ राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हती. ती १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने आली, आणीबाणीत, जेव्हा हक्क गोठवले गेले होते. राज्यकर्त्यांना नागरिकाची कर्तव्ये केव्हा आठवतात, हे त्या सालावरून ओळखावे. तरीही त्या यादीत नद्यांचे रक्षण जसे आहे, तशी शोधकबुद्धीची जोपासनाही आहे. चौकशी करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिलेले आहे. शाळेच्या भिंतीवर नदी रंगवतात, शोधकबुद्धी रंगवत नाहीत.

खेड्यांची गत वेगळी नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट, विहीर खोदली तरी पिण्याच्या कामाची नाही. जिथे पाण्याचा प्रश्न जिवाचा आहे, तिथे तरी ग्रामसभा भरावी. कायद्याने गणपूर्ती किती लागते? मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढीही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग चार माणसे गावाचा आराखडा मंजूर करतात आणि वर्षभर गाव त्या चौघांना शिव्या देते. सभेला न येणारी हीच माणसे निवडणुकीच्या आदल्या रात्री ‘लक्ष्मीदर्शना’साठी जागी असतात. पाकीट घेणाऱ्याने नळाला पाणी का नाही म्हणून विचारायचे कोणत्या तोंडाने? गरिबाला मी एकवेळ समजू शकतो. बंगल्यातली माणसेही घरातली मते मोजून भाव सांगतात, त्यांना क्षमा नाही.

सगळ्यात मोठा आरोप अजून राहिला आहे. रोज शहर साफ करणाऱ्या माणसांबद्दल आपण काय केले? तुंबलेल्या गटारात, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी नाली तुंबली की आपल्याला माणूसच लागतो, आणि तो कोणत्या जातीचा असणार हे न विचारता ठाऊक असते. एक दिवस नदीकाठी राबणाऱ्याला आपण हार घालतो, रोज राबणाऱ्याला दारातून पाणी देताना पेला वेगळा काढतो. विहिरी खुल्या होऊन नव्वदहून अधिक वर्षे झाली आणि पेला अजून वेगळा आहे.

आता दोन्ही शहरांत निवडून आलेली माणसे बसली आहेत. त्यांना पहिल्याच वर्षी विचारायचे आहे की किती नाले प्रक्रियेविना नदीत जातात, चार वर्षांत प्रशासकाने मंजूर केलेली कामे कुठे आहेत, गटार साफ करायला यंत्रे किती आणि कंत्राटी सफाई कामगाराला किमान वेतन मिळते का. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अपील फेटाळले गेले तर राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ अमरावतीतच आहे. २०१८ मध्ये मोर्णेवर आलेल्यांपैकी शंभर जणांनी यातला एकेक प्रश्न वाटून घ्यावा आणि महासभेच्या दिवशी प्रेक्षक सज्ज्यात जाऊन बसावे.