विळ्यालाही हवं म्यान!

खंडेनवमी आली की घरोघरी अवजारं धुऊन-पुसून पाटावर मांडली जातात. वखर, डवरा, कुऱ्हाड, शिवणयंत्र, हल्ली तर मोटारसायकलसुद्धा! त्याच रांगेत आपली विळी, सुरी, खुरपं आणि विळाही असतो. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. दसरा उरकला की तोच विळा पुन्हा कुडात खोचलेला आणि तीच सुरी पुन्हा चमच्यांच्या डब्यात, पातं वर करून! मैत्रिणींनो, तलवारीला म्यान असतं हे आपण शाळेपासून वाचत आलो. पण बाईच्या हातातल्या पात्यालाही म्यान लागतं, हे आपल्याला कुणी कधी सांगितलं का?

दसऱ्याच्या आगेमागेच आपल्या वऱ्हाडात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. दर्यापूर असो की मूर्तिजापूर, सकाळी रस्त्यावर उभं राहून पाहा. एकेका ऑटोत दहा-बारा जणी दाटीवाटीने बसलेल्या, मांडीवर शिदोरी आणि पायाशी उघडे विळे. फार झालं तर पात्याला चिंधी गुंडाळलेली. रस्त्यात खड्डा आला की चिंधी सरकते आणि कुणाच्या तरी पोटरीला धार लागते.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक जण खुसकन हसून म्हणाली, "काय वो ताई, आता इळ्यालेही झबलं शिवाचं का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग विचारलं, "विळ्याचा व्रण अंगावर असलेल्या किती जणी आहात?" अर्ध्याहून जास्त हात वर गेले. त्यातल्या बऱ्याच जखमा सोंगताना झालेल्याच नव्हत्या. विळा नेता-आणताना, ठेवताना किंवा लेकरानं उचलला तेव्हाच्या होत्या. हातावर पोट असलेल्या बाईचा हातच कापला, तर ऐन हंगामातले रोज बुडतात. ते कोण भरून देणार?

कोकणात कोयता कमरेच्या लाकडी आकडीत अडकवून नेतात. आपल्याकडे तशी सोय नाही, पण करायला खर्च काहीच नाही. ठिबकच्या निकामी नळ्या बांधावर पडलेल्याच असतात. पात्यापेक्षा चार बोटं लांब तुकडा घ्या आणि त्याला एका बाजूने उभी चीर द्या. विळ्याची धार आतल्या वळणाला असते. तिच्यावर ही नळी चढवा, ती वळणाबरोबर वळते. टोकापुढे उरलेली नळी दुमडून तारेने घट्ट बांधा, म्हणजे अणी बाहेर येणार नाही. मग दोन ठिकाणी सुतळीने पात्याला बांधून टाका. झालं विळ्याचं म्यान!

सुरीसाठी जुन्या जीन्सचा पाय घ्या. ब्लाउज बेतता येणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही. आधी कागदावर सुरी ठेवून आकार काढा. भोवती अर्धा इंच जास्त सोडून बेत कापा आणि कापड दुहेरी घ्या. घडी सुरीच्या पाठीकडे हवी, धारेकडे नको. धारेकडे घडी आली तर ती चार दिवसांत चिरते. कापड ताठ राहावं म्हणून आत तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक घाला. आता महत्त्वाची गोष्ट. धारेच्या बाजूने दोन थरांच्या मध्ये त्याच प्लॅस्टिकची बोटभर पट्टी टोकापर्यंत ठेवा आणि दाभणाने जाड दोऱ्याची दुहेरी शिवण पट्टीतूनच घाला. मग धार पट्टीवर टेकते, दोऱ्यावर नाही. नवशिक्या बाया नेमकी ही पट्टीच विसरतात आणि शिवण कापली जाते. शेवटी खाटेवर हात धरून म्यान उलटं करून हलवा. सुरी निसटली तर म्यान सैल आहे, आणखी एक टाका घाला. सुरी काढताना म्यान पाठीकडून धरा. ओली सुरी कधीच आत ठेवू नका, गंज चढतो.

इतकं करूनही हात कापलाच, तर त्यावर तंबाखू, चुना किंवा माती चेपू नका. साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि दवाखाना गाठा. बाळंतिणी आणि नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशातून हटल्याचं 2015 साली जाहीर झालं, ही आनंदाची गोष्ट. पण धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतातच. वावरातल्या जखमेला तो धोका आजही आहे. पूर्वी 'टीटी'चं इंजेक्शन मिळायचं, आता सरकारी दवाखान्यात त्याऐवजी 'टीडी' मिळतं. ते घेतलेलं असलं पाहिजे.

प्रश्न नळीच्या तुकड्याचा नाही, बाईच्या हाताची किंमत किती, हा आहे. ट्रॅक्टरचा पाना हरवला तर घर डोक्यावर घेतलं जातं आणि बाईचं बोट कापलं तर "चिंधी बांध अन् लाग कामाले" म्हणतात! गुत्त्याने मजूर नेणाऱ्याने विळे वेगळ्या पेटीत ठेवावेत, हे आपण एकजुटीने सांगायला हवं. मजुरी ठरवताना हेही ठरवून घ्या. गाडगेबाबांच्या या मुलखात चिंधीला कमी कोण लेखेल? पण चिंधी जखमेवर बांधण्यापेक्षा आधीच तिचं म्यान शिवलेलं बरं. सोंगणीला निघण्याआधी एक दुपार काढा. शेजारणीलाही बोलवा.