प्रयत्नांती परमेश्वर, व्हिसा नव्हे

कामाचा व्हिसा नाकारला गेला की दोन दिवस घर गप्प असतं. तिसऱ्या दिवशी सल्ले सुरू होतात. मामा म्हणतो, पुन्हा भर. एजंट म्हणतो, लगेच भर. ज्यांचा मुलगा सिअॅटलला आहे ते बी-विंगमधले काका म्हणतात, यात मनाला लावून घ्यायचं नसतं, भरत राहायचं. प्रत्येकाजवळ कोणत्या तरी भाच्याची गोष्ट असते, त्याला तिसऱ्या खेपेला मिळाला, आणि गोष्टीच्या शेवटी ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असतोच. पुन्हा अर्ज करण्याला माझी काही हरकत नाही. चिकाटी हे पुन्हा अर्ज करण्याचं कारण असू शकतं, ही समजूत मात्र मला खोडून काढायची आहे.

एमपीएससीला दुसऱ्यांदा बसणाऱ्याचा अभ्यास वाढलेला असतो. तिथे चिकाटी उत्तरपत्रिकेत उतरते, गुणांत मोजली जाते. व्हिसाच्या खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला तुमची चिकाटी दिसायची सोय नाही. त्याच्यासमोर फाइल असते. तीच फाइल पुन्हा नेली तर उत्तर बदलण्याचं कारण काय? बदललंच, तर अधिकारी बदलला म्हणून. आणि तोच भाच्याच्या गोष्टीतला न सांगितलेला भाग असतो.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडचा बराचसा शोक तिथला आहे. एच-१बी मिळवणाऱ्या दहांत सातजण भारतीय असतात. मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला निघालेली मुलं फायलीत काय काय कोंबतात ते पाहावं: सातबाराचे उतारे, फ्लॅटचं अॅग्रीमेंट, वडिलांच्या एफडीच्या पावत्या, सीएकडून आणलेला मालमत्तेचा दाखला. आपण परत येणार आहोत हे पटवायचं म्हणून. टुरिस्ट किंवा विद्यार्थी व्हिसाला या कागदांना अर्थ आहे. तिथे १९५२च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी) लागू होतं. येणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. पण एच-१बी आणि एल या कामाच्या व्हिसांना हे गृहीतक लावायचं नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. तेव्हा नकारानंतर ‘या खेपेला जमिनीचे कागद जास्त नेऊ’ असं ठरवणारा मुलगा कोणी न विचारलेल्या प्रश्नाची तयारी करत असतो. आणि अशी तयारी करून घेण्याचे पैसे घेणारी दुकानं आहेत.

एच-१बीचा नकार बहुधा कलम २२१(जी)खाली येतो. हातात एक चिठ्ठी पडते, तिच्यावर खुणा केलेल्या असतात. त्या खुणांत सगळं आहे. कागद मागितले असतील तर ते द्यायला एक वर्ष मिळतं. त्यासाठी नवा अर्ज लागत नाही, नवी फी लागत नाही. अशा वेळी घाईने पुन्हा अर्ज भरणं म्हणजे २०५ डॉलर पाण्यात. ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’वर खूण असेल तर वाट पाहणं आलं, आणि ते किती काळ हे कोणी सांगत नाही. तिसरी शक्यता खरी वाईट. अधिकाऱ्याला कंपनीने तुमच्यासाठी केलेल्या पिटिशनचाच संशय आला, तर तो ती मंजूर करणाऱ्या अमेरिकेतल्या इमिग्रेशन खात्याकडे परत पाठवतो. ते खातं ‘मंजुरी रद्द का करू नये’ अशी नोटीस काढतं. ती जाते कंपनीला. उत्तरही कंपनीनेच द्यायचं. प्रकरण दुसऱ्या खंडातल्या दुसऱ्या टेबलावर पोचलेलं असताना उमेदवाराने बीकेसीला खेटे घालून काय साधणार? मंजुरी रद्द झाली तर कंपनीला नव्याने पिटिशन दाखल करावी लागते. १९ सप्टेंबर २०२५च्या घोषणेने, मूळ मुदत १२ महिन्यांची ठेवून, अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलर बसवले. कंपनी तेवढे पैसे तुमच्यासाठी मोजणार का? मामाला, एजंटला किंवा बी-विंगला याचं उत्तर ठाऊक असण्याचं कारण नाही. ते कंपनीच्या एचआरला ईमेलने विचारायचं असतं, आणि उत्तरही लेखी मागायचं असतं.

रांगेतलं ज्ञान आणखी निराळं. कोपऱ्यातल्या खिडकीवरची बाई सगळ्यांना रिजेक्ट करते. हैदराबादला सोपं जातं. निळा शर्ट घाला. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या ‘व्हिसा बालाजी’ला अकरा प्रदक्षिणा घालून येणाऱ्यांची मी चेष्टा करणार नाही, माणूस निदान शांत होऊन परततो, आणि त्या देवळात हुंडीही नाही. पण शहर बदललं की जुना नकार मागे राहतो, ही निव्वळ थाप आहे. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, कुठेही जा, नोंद एकच उघडते. त्याहून वाईट सल्ला म्हणजे आधीचा नकार फॉर्ममध्ये लिहूच नको. डीएस-१६०मध्ये तो प्रश्न सरळ विचारलेला आहे आणि २२१(जी) हाही नकारच धरला जातो. महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं, तर अमेरिकेत अपात्रता आयुष्यभराची, कॅनडात पाच वर्षांची, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंतची. चिकाटीचे पुरस्कर्ते तेव्हा फोन उचलत नाहीत.

माझ्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा असा की अधिकारीही माणूसच असतो. तीन मिनिटांत निर्णय देतो, चुकतो, लहरीपणाही करतो. मग फाइल न बदलता पुन्हा गेलं तर बिघडलं कुठे? मुद्दा खरा आहे. अमेरिकेत तर तो कायद्यानेच घट्ट करून ठेवलाय: कॉन्सुलेटचा नकार न्यायालयं सहसा तपासत नाहीत. १९७२मध्ये बेल्जियन मार्क्सवादी अर्नेस्ट मँडेल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वरवर पाहता योग्य असं कारण दिलेलं असेल तर आम्ही त्यामागे जाणार नाही. २०२४मध्ये एका अमेरिकन नागरिक स्त्रीने आपल्या एल साल्वाडोरच्या नवऱ्याला नाकारलेल्या व्हिसासाठी दाद मागितली. गुन्हेगारी टोळीशी संबंधाचा संशय हे कारण बाहेर यायलाच वर्षं गेली होती. तीही हरली. बायकोची ही गत, तर हिंजवडीतल्या इंजिनिअरचं कोण ऐकणार?

म्हणून फाइल चोख होती, मुलाखतीत प्रश्नच चुकीचा समजला गेला, असं खात्रीने वाटत असेल तर एकदा पुन्हा जायला माझी ना नाही. पण त्याला नशीब अजमावणं म्हणावं आणि सोडतीच्या तिकिटावर घालवू तेवढेच पैसे त्यावर घालवावेत. वडिलांची एफडी मोडून नशीब अजमावत नाहीत.

शिवाय अमेरिका म्हणजे जग नव्हे. ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा बाहेरून मागितला आणि नाकारला गेला, तर कारणांचं पत्र येतं आणि २८ दिवसांत ८० पौंड भरून फेरतपासणी मागता येते. मात्र ती अधिकाऱ्याची चूक दाखवण्यासाठी आहे. नवे कागद तिथे सहसा चालत नाहीत. बँक स्टेटमेंट जोडायला तुम्हीच विसरला असाल तर फेरतपासणी व्यर्थ, सरळ नवा अर्ज करा. अधिकाऱ्याने जोडलेलं स्टेटमेंट पाहिलंच नसेल तर उलट. म्हणजे ‘पुन्हा भर’ हा सल्ला एका शेजाऱ्याला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरतो, आणि दोघांत फरक काय तो पत्राच्या एका परिच्छेदात. परदेशांतून केअर वर्कर घेण्याचा मार्ग ब्रिटनने २२ जुलै २०२५ला बंद केला. त्याआधी नाकारल्या गेलेल्या केअर वर्करला आज कोणी चिकाटी शिकवत असेल तर ती क्रूर थट्टा आहे. कॅनडात बाहेरून केलेल्या अर्जाच्या नकाराविरुद्ध ६० दिवसांत फेडरल कोर्टात परवानगी मागता येते. जिंकलात तरी न्यायाधीश व्हिसा देत नाही. फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. जर्मनीने व्हिसा कार्यालयाकडेच फुकट हरकत नोंदवण्याची जुनी सोय १ जुलै २०२५पासून काढून टाकली. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा, नाहीतर नवा अर्ज करा.

दुसरा गट मला जास्त चिडवतो. हा म्हणतो, बरं झालं! आपल्या देशात काय कमी आहे? स्वाभिमान असेल तर पुन्हा त्यांच्या दारात उभा राहू नको. हे वाक्य न्यूजर्सीत नातवाच्या बारशाला जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायला विशेष मौज वाटते. व्हिसा नाकारला गेल्याने कोणाची देशभक्ती वाढत नाही आणि मिळाल्याने कमी होत नाही. स्वाभिमानाचा प्रश्न मध्ये आणला की नकार म्हणजे अपमान हे आपणच कबूल करतो. इतिहास वेगळं सांगतो. १९१७च्या कायद्याने अमेरिकेने आशियाच्या मोठ्या पट्ट्याला दार लावलं, त्यात हिंदुस्थान आला. १९४६मध्ये ते किलकिलं झालं: साऱ्या हिंदुस्थानला वर्षाला १०० जागा. त्या काळात बाहेर राहिलेला माणूस बुद्धीने उणा होता का? आज एच-१बीचा सर्वसाधारण कोटा ६५,०००चा आणि अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,०००चा. बरीच वर्षं त्यासाठी निव्वळ सोडत निघत होती. सोडतीत नाव आलं की आपण पेढे वाटतो, जणू पोराने पराक्रम केला. तिथे लायकीचा हिशेब एकदा मांडला की नकाराच्या दिवशी तोच हिशेब अंगावर येतो. पेढे थोडे उशिरा वाटले असते तर दुःखही थोडं खाजगी राहिलं असतं.

त्या दुःखाबद्दल एवढंच म्हणेन की ते खरं आहे आणि त्याला वेळ द्यावा, पण त्या वेळेत फॉर्म भरू नये. राजीनामा देऊन नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड पुरा केलेला असतो, भाड्याचं घर सोडलेलं असतं, काही घरांत लग्नाची बोलणी ‘मुलगा परदेशी’ या दोन शब्दांवर थांबलेली असतात. माणूस त्या सगळ्यांना तोंड दाखवायचं म्हणून अर्ज भरतो. अशा अर्जाचा उद्देशच व्हिसा नसतो, सुटका असते. आधी जुन्या मॅनेजरला फोन करावा. ही मंडळी वाटते त्याहून जास्त वेळा परत घेतात. परदेशी कंपनीला पुण्यात किंवा बंगळुरूत ऑफिस असेल तर तिथून काम सुरू करता येईल का, हे विचारावं. खराडीत आणि हिंजवडीत अशी परदेशी कंपन्यांची कामं आता ढिगाने चालतात, आणि ती करणं म्हणजे देशसेवाही नव्हे, पराभवही नव्हे, नोकरी आहे. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाने नव्या खेपेसाठी नवे पैसे मागितले तर नोंदणी क्रमांक मागावा. १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली अशा एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. ‘गॅरंटी’ देणारा तर उंबऱ्याबाहेरच बरा.

मग निर्णय कशावर घ्यायचा? गेल्या अर्जात नव्हतं असं आज काय आहे, हे एका ओळीत लिहून पाहावं. ओळ लिहिता आली तर अर्ज करावा, तोही लवकर, कारण नियम सरकत राहतात. ‘मला खरंच जायचंय’ ही ओळ धरायची नाही; ते गेल्या खेपेलाही खरंच होतं.

यावर कोणी म्हणेल, असा काटेकोरपणा केला तर पोरं हिंमतच हरतील. मला उलटं दिसतं. जर्मनीने पदवीची तुल्यता दाखवली नाही म्हणून नाकारलेल्या साताऱ्याच्या मुलीकडे आज त्यांच्या केंद्रीय कार्यालयाचं तुल्यता प्रमाणपत्र आलं असेल, तर तिने उद्याच अपॉइंटमेंट घ्यावी, मामाला न विचारता. आणि ज्या मुलाकडून कॉन्सुलेटने क्लायंटचं पत्र मागितलं, पण ज्याच्या कंपनीकडे मुळात क्लायंटच नाही, त्याने पाचही शहरांत मुलाखती दिल्या तरी ते पत्र येणार नाही. त्याने शोधायची आहे ती दुसरी कंपनी.