ताटावर बोललो, आता पाटीवर बोलू



अक्षय्य तृतीयेचा सण. हस्तिनापुरात राजा श्रेयांसांनी भगवान आदिनाथांना उसाच्या रसाचा आहार दिला, तो हा दिवस. कुणाकडे वर्षीतपाचं पारणं असेल, कुणाकडे मंदिरात इक्षुरसाची तयारी चालली असेल. मग १ मे. सकाळी झेंडावंदन आणि त्यानंतर शाळांचा निकाल.

पहिल्या दिवसाची तयारी आपल्याला पाठ आहे. दुसऱ्या दिवसाविषयी मला आज भांडायचं आहे. हो, भांडायचंच आहे.

आमच्या एकोडीतून सकाळी साकोलीकडे जाणाऱ्या गाड्यांत मुलं कोंबलेली असतात. आपली बहुतेक मुलं त्याच गाड्यांत. १ मेलाही तेच होईल. आपण साकोली, लाखनी, भंडारा, जिथे आपलं मूल असेल तिथल्या शाळेत जाऊ, प्रगतिपत्रक घेऊ, टक्के पाहू, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवू, पेढे वाटू. यात काही वाईट नाही. पण गावातल्या जिल्हा परिषद शाळेचाही त्याच सकाळी निकाल असतो, आणि आपल्यातल्या किती जणींना त्या निकालाची एक ओळ तरी माहीत असते? धानाचा भाव माहीत असतो. कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे तेही माहीत असतं. गावातली पाचवीतली किती मुलं नापास झाली, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही.

आता तरी विचारा, कारण हा निकाल साधा नाही.

२०२३ मध्ये नियम बदलला. आधी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नसत. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते. नापास झालं तर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि तिथेही जमलं नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसायचं. नियम चूक की बरोबर, त्यावर वाद घालता येईल. पण तो लागू आहे, आणि कुणावर पडतो ते पाहा.

२०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने झाल्या, ८ ते २५ एप्रिल. पुण्यात बसून ते ठरलं. आपल्याकडे एप्रिलच्या शेवटी काय असतं ते पुण्याला कोण सांगणार? ऊन चाळिशीच्या पार, चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे आकडे पंचेचाळीसच्या घरात. मोहफुलं वेचणं संपत आलेलं आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर. उन्हाळी धान कापणीला येतो. ज्या घरात हातावर पोट आहे, तिथलं दहा-अकरा वर्षांचं मूल या दिवसांत आईसोबत पहाटे रानात असतं, नाहीतर घरी धाकट्याला सांभाळत असतं. तेच मूल पाचवीचा पेपर देऊन आलं. नापास होईल तर तेच होईल. आणि पुन्हा परीक्षेची तयारी कधी करायची? याच सुट्टीत, जेव्हा घर तेंदूपत्त्याला गेलेलं असेल.

हे मूल परकं नाही. त्याची आई आपल्या बांधीत रोवणा करते, आपल्या अंगणात धान वाळत घालते, आपल्या घरची भांडी घासते. आपण तिला सणाला साडी देतो, पुरणपोळी देतो. तिच्या मुलीला जोडाक्षर वाचता येतं का, हे आपण तिला कधी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, शाळा सरकारची, त्यात आपण काय बोलणार?

मग मी तुम्हाला अंड्याची आठवण करून देते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. तेव्हा आपण गप्प बसलो का? वारकरी मंडळी बोलली, आपला समाज बोलला, निवेदनं गेली, सह्या झाल्या. ज्या शाळेत आपलं एकही मूल नाही, त्या शाळेच्या ताटाबद्दलसुद्धा आपण बोललो. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा पैसा बंद झाला. अनेकींनी समाधानाचा श्वास सोडला.

माझी श्रद्धा तुमच्याइतकीच पक्की आहे. अंडं मला चालत नाही, माझ्या घरात येत नाही, आणि शाळेच्या ताटात ते नको हे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे असं मी मानते. पण हक्क एका दिशेने चालत नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातून काय काढायचं यावर बोललात, तर त्या ताटात काय घालायचं यावरही बोलावं लागेल. आणि त्या मुलाच्या पाटीवर काय आहे यावरही. ताटापुरती शाळा आपली आणि पाटी आली की सरकारची, हा कुठला न्याय? अहिंसा म्हणजे फक्त ‘नको’ म्हणणं नव्हे. अकरा वर्षांच्या पोरीला दोनदा नापास करून घरी बसू देणं आणि तिकडे न बघणं, हेही कुणाला तरी दुखावणंच आहे.

आपल्या चार दानांत आहारदानाइतकंच मोठं स्थान ज्ञानदानाचं. अक्षय्य तृतीयेला ज्या आदिनाथांचं पारणं आपण आठवतो, त्यांनीच आपल्या परंपरेनुसार ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. मुलांच्या आधी मुलींना शिकवलं असं आपण अभिमानाने सांगतो, पाठशाळेत चित्र लावतो. अक्षर आणि अंक. आज सरकार ज्याला पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान म्हणतं, ते याहून वेगळं काय आहे? राज्यात २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीसाठी ‘निपुण महाराष्ट्र’चा कृती कार्यक्रम होता, ५ मार्चपासून ३० जूनपर्यंत. त्यात चावडी वाचन होतं. म्हणजे मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचं, गणित करून दाखवायचं. गावासमोर! गाव म्हणजे कोण? तुम्ही आणि मी नाही का?

२०२५ मध्ये पुढच्या वर्षाच्या बेतांबद्दल टीव्हीवर रोज गदारोळ होता. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य झाली, २२ एप्रिलला मंत्र्यांनी ‘अनिवार्य’ शब्दाला स्थगिती दिली. घराघरांत त्यावर वाद झाले. पण शाळेचा खरा बेत टीव्हीवर ठरत नाही, तो शाळेतच ठरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान पाऊण सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. मुलं किती येतील, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, मुलींची शौचालयं, सगळं त्यात. पुढच्या वर्षीची शाळा त्या कागदावर असते.

आणि त्या कागदावर आपल्या भागात बायकांची फक्त सही असते. अनेक गावांत सभेला नवरा जातो आणि घरी येऊन म्हणतो, ‘इथं अंगठा लाव.’ कायद्याने दिलेली निम्मी खुर्ची अशी रिकामी राहते.

आता दुसरी सबब. ‘आमची मुलं तिथे नाहीत, आम्हाला समितीत कोण घेणार?’ बरोबर आहे, तुम्ही पालक-सदस्य होऊ शकत नाही. पण जी होऊ शकते, ती तुमच्या अंगणात रोज येते. तिला त्या दिवशी दुपारची सुट्टी द्या, पगार न कापता. तिला सांगा की आराखडा वाचून दाखवा असं म्हणायचा तिला हक्क आहे. तिला वाचता येत नसेल तर तुम्ही सोबत जा. ग्रामसभेत तर तुम्हाला कुणी अडवू शकत नाही.

तिसरी सबब सगळ्यात जास्त ऐकू येते. ‘त्या शाळेत राहिलंय काय? आज ना उद्या बंदच होणार.’ ही सबब ऐकली की माझं डोकं तापतं. पट कमी होतो, कारण ज्यांना परवडतं ते मुलं काढतात. पटावरच शिक्षकांची पदं मोजली जातात. कायद्यात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, पण पट वीसच्या खाली गेला की शाळेवर टांगती तलवार येते. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला होता. लहान शाळा दूर गेली तर आपली गाडी थोडी लांब जाईल, इतकंच. मजुराच्या मुलीची शाळा मात्र तिथेच सुटेल. पाडव्याला ‘पट वाढवा’ म्हणत शिक्षक उन्हात दारोदार फिरतात, आणि आपण त्यांना पाणी देऊन ‘आमचा इंग्लिश मीडियमला आहे’ म्हणून वाटेला लावतो.

मी कुणाला मूल काढून आणा म्हणत नाही. तो प्रत्येकीच्या घरचा निर्णय. पण आचार्यश्री विद्यासागरजी आयुष्यभर मातृभाषेतल्या शिक्षणाविषयी सांगत राहिले. रामटेकला आपण कितीदा जातो, तिथली प्रतिभास्थळी पाहून किती कौतुक करतो! फेब्रुवारी २०२४ मध्ये डोंगरगडला त्यांची समाधी झाली तेव्हा आपल्या भागातून किती गाड्या गेल्या! त्यांचं म्हणणं ज्यांना पटतं त्यांनी निदान मराठी शाळेला ‘गरिबांची शाळा’ म्हणणं तरी थांबवावं. मुलांच्या कानावर तो शब्द पडतो.

शेवटची सबब पैशाची. मंदिराची बोली, विधान, पंचकल्याणक, यासाठी आपण सढळ हाताने देतो, आणि द्यावंच. पण आपल्याच समाजात एक लक्ष्मीबाई होऊन गेल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. कुंभोजच्या जैन घरातल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. ती मुलं त्यांच्या पोटची नव्हती. ज्ञानदान म्हणजे काय हे त्यांच्याइतकं स्पष्ट मला कुठल्या व्याख्यानात कळलं नाही. आखाजीला सोनं घ्यायला बाहेर पडाल, तेव्हा त्यांचं नाव एकदा मनात घ्या.

तर आता काय करायचं? २०२५ मध्ये विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडणार होत्या. २ मे ते २२ जून, मोजा, बावन्न दिवस हातात होते. माझं म्हणणं चार गोष्टींपुरतं आहे.

एक, १ मेला आपल्या मुलाचा निकाल घेऊन झाला की गावातल्या शाळेत जा. गुरुजींना किंवा बाईंना एवढंच विचारा, पाचवी-आठवीतल्या किती मुलांना पुन्हा परीक्षा द्यायची आहे आणि त्यांना कोणत्या विषयात मदत हवी आहे. ओरडायला जाऊ नका, विचारायला जा. त्याही उन्हातच राबलेल्या आहेत.

दोन, सुट्टीत आपण पाठशाळेचं शिबिर घेतोच. तेवढाच एक तास, सकाळी सात ते आठ, गावातल्या मुलांना वाचन आणि हिशेब. णमोकार शिकवायचा नाही, धर्म सांगायचा नाही. फक्त वाचायला शिकवायचं. आपल्या दहावी-बारावीतल्या मुली हे उत्तम करतील, आणि मोबाइलवर जाणारा त्यांचा एक तासही वाचेल. आईसोबत रानात गेलेल्या मुलांसाठी हाच तास संध्याकाळी ठेवा.

तीन, अंड्याला विरोध केलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा शाळेला तिथीभोजन द्यावं. पोषण आहार योजनेत त्याची सोय आहे. पर्युषणाच्या पारण्याला, मुलाच्या वाढदिवसाला, सासूबाईंच्या स्मृतिदिनी. मोड आलेले मूग, शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचं सत्त्व, दूध, फळं. ताटातून काही काढलंत, आता ताट भरा.

चार, शाळा उघडली की समितीच्या सभेची तारीख विचारून घ्या. तुमच्या घरी कामाला येणारीचं मूल तिथे असेल तर तिला त्या सभेला पाठवा, नवऱ्याला नाही. विकास आराखड्यावर तिने ऐकून सही करावी.

यावर काही जणी रागावतील. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला बोलही लावतील. लावा. पण बोल लावून झाला की त्याच बैठकीत वही काढा आणि लिहा, सकाळच्या त्या तासाला कोण कोणत्या दिवशी जाणार. सोमवारचं नाव मी माझं घातलं आहे. मंगळवार कुणाचा?